रिकाम्या मशीनचा फेस

घरमालक श्रीरंगरावांच्या वॉशिंग मशीनच्या तोंडाला आतून जाड रबराची गोल पट्टी आहे, आणि त्या पट्टीला खाली एक घडी आहे. त्या घडीत मी दोन बोटं घातली आणि लगेच वाटलं, बाप्पा, आपल्याला बोटं नसती तर किती बरं झालं असतं.

आत काळी जेली होती. चकचकीत काळी, आणि ओढली की लांबणारी. वास असा, की उन्हाळा संपल्यावर कूलरची टाकी तशीच ठेवावी, तिच्यात पाल मरावी, आणि पुढच्या एप्रिलमध्ये आपण झाकण उघडावं. मी नागपूरचा आहे. हा वास मी घेतलेला आहे.

"काय निघालं?" मागून माझ्या बायकोने, सुलभाने विचारलं. तिने ओढणी नाकाला लावली होती.

"बाहेर काढतो, तूच सांग."

टॉर्च तोंडात धरून मी एकेक वस्तू पेपर टॉवेलवर मांडत गेलो. लाल टिकली, एक. अर्धं नख, पायाचं, जाड. सुपारीचं खांड. कुंकू लावलेले अक्षतांचे दाणे, जे गरम पाण्यात शिजून टम्म फुगले होते. गुलाबी भातच झाला होता तिथे. आणि ह्या सगळ्यावर गुंडाळलेला केसांचा गोळा, उंदराएवढा. केस लांब होते आणि मेंदीने तांबडे झालेले.

"आपल्या घरात मेंदी कोण लावतं गं?" मी विचारलं.

"मी नाही लावत. आणि तुमच्या डोक्यावर लावायला आहे काय?"

बरोबर. माझ्या डोक्यावर टॉर्चचा उजेड परत येतो.

तर मी राजाराम. वय अठ्ठेचाळीस, मुक्काम हर्नडन, व्हर्जिनिया, एका टाउनहाउसचं बेसमेंट. धंदा सॉफ्टवेअर टेस्टिंगचा, म्हणजे दुसऱ्यांनी केलेली घाण शोधून काढायची आणि वर त्यांच्याच शिव्या खायच्या. त्याशिवाय एक जोडधंदा आहे, खोड्या काढायचा. तो लहानपणापासून फुल टाइम. कोलंबसला असताना एक एप्रिलला मी घरमालकाच्या लॉनमध्ये 'फॉर सेल'ची पाटी रोवली आणि खाली त्याचाच नंबर टाकला. त्याला दिवसभरात सतरा फोन आले. अठरावा फोन त्याने मला केला, जागा सोडा म्हणून.

त्या दिवशी मी इतका हसलो होतो की पोट दुखलं. मग आत गेलो तर प्रणिता, माझी मुलगी, तिच्या पुस्तकांचे खोके भरत होती. रडत नव्हती. पेन एका खोक्यात, वह्या एका खोक्यात. सवय झालेली पोरगी. जर्सी सिटी, शॉमबर्ग, कोलंबस, हर्नडन. जिथे प्रोजेक्ट तिथे आम्ही, आणि सहा वर्षांत तिच्या चार शाळा.

हर्नडनला येऊन वर्ष झाल्यावर ती मला एकदा म्हणाली, "बाबा, इथे माझं लंच टेबल आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे, आय हॅव पीपल. आधीच्या स्कूल्समध्ये मी लायब्ररीत खायचे."

हे मला माहीतच नव्हतं. तीन शाळा पोरगी पुस्तकांच्या कपाटामागे बसून पोळीभाजीचा रोल खात होती, आणि मी इकडे पाट्या रोवत होतो. त्या दिवशी तिने माझ्याकडून शपथ घेतली. करंगळीला करंगळी. "नो प्रँक्स, बाबा. मी ग्रॅजुएट होईपर्यंत."

म्हणून २००६ च्या फेब्रुवारीत श्रीरंगराव जिन्यात उभे राहून म्हणाले, "राजारामराव, मार्चअखेर तुम्ही जागा बघा," तेव्हा मला आधी ते लंच टेबल दिसलं. त्या शाळेच्या हद्दीत आमच्या ऐपतीचं दुसरं बेसमेंट नव्हतं. मी चार महिने आधीच बघून ठेवलं होतं.

कारण काय, तर मशीन गळतं. दर शनिवारी. आमच्यामुळे.

आता हे शनिवारचं प्रकरण सांगतो. आम्ही राहायला आलो तेव्हा असं काही नव्हतं. श्रीरंगराव पुण्याचे, मोठ्या कंपनीत मॅनेजर. त्यांच्या मिसेस, मृणालिनीवहिनी, हसून बोलायच्या, पहिल्या आठवड्यात वाटीभर साबुदाण्याची खिचडीसुद्धा खाली आली. मशीन बेसमेंटमध्येच, आमच्या दाराबाहेर, दोन्ही घरांचं मिळून एक. कधीही लावा म्हणाल्या. आमच्या आडनावावरून त्यांना काही अंदाज येत नव्हता, आणि त्या तो काढायचा प्रयत्न मात्र करत होत्या. "तुमच्याकडे गौरी उभ्या असतात की खड्यांच्या?" वगैरे. मी म्हणायचो, "आमच्याकडे बसलेल्याच असतात वहिनी, सगळ्या बाया बसून टीव्ही बघतात."

मग एक दिवस त्या वाटी परत न्यायला खाली आल्या आणि हॉलमधल्या भिंतीकडे त्यांची नजर गेली. तिथे बुद्धाची तसबीर आहे, आणि शेजारी बाबासाहेबांचा फोटो. वहिनींचा चेहरा दुधात लिंबू पडावं तसा झाला. वाटी सुलभाने पुढे केली.

"राहू दे तुम्हालाच," वहिनी म्हणाल्या. "आमच्याकडे खूप आहेत."

ती स्टीलची वाटी अजून आमच्याकडे आहे. चांगली जड आहे.

पुढच्या आठवड्यात मशीनवर कागद लागला. एक्सेलमध्ये केलेला, लॅमिनेट केलेला. बेसमेंटची वेळ: शनिवार, दोन ते पाच. मी म्हटलं, चला, शिस्तीचे लोक आहेत. सुलभाने कागद दोनदा वाचला आणि कपड्यांची टोपली उचलली. तिला माझ्यापेक्षा लवकर समजतं, आणि समजलेलं ती गिळते.

आमचा शनिवार असा असायचा: दोनला कपडे लावायचे, पाचच्या आत काढायचे, आणि साडेपाचला तिघांनी स्टर्लिंगला मित्राकडे, बुद्धभूषणकडे जायचं. तिथे पाच-सहा कुटुंबं जमतात, बुद्धवंदना होते, मग जेवण, मग पोरांचा दंगा. आठला परत. जानेवारीपासून दर शनिवारी आठला परत आलो की बेसमेंटची फरशी ओली, आणि जिन्यात श्रीरंगराव हातात मॉप घेऊन उभे.

"परत गळलं बघा. तुमच्या वॉशनंतर."

"पण आम्ही निघालो तेव्हा कोरडं होतं, श्रीरंगराव."

"डिलेड असतं ते. झिरपतं हळूहळू. तुम्ही ओव्हरलोड करता." मग घसा खाकरून, "आणि तुमचे कपडे जरा... हेवी असतात ना."

हेवी. माझी बनियन हेवी. मी जिन्याखाली उभा राहून वर त्यांच्या नाकपुड्या बघत होतो आणि मला प्रचंड हसू येत होतं, आणि हसता येत नव्हतं.

त्यांनी आणखी एक कागद लावला. वॉशर लॉग. रकाने असे: तारीख, वेळ, कोणी लावलं, लोड, फ्लोअर, सही. आमचं धुणं झालं की ते स्वतः खाली येऊन वाकून फरशी बघायचे, 'कोरडी' लिहायचे, सही ठोकायचे. आणि तरी रात्री मॉप. आणि मग ती मार्चअखेरची नोटीस.

आता माझं कामच असं आहे की डिफेक्ट आला तर आधी तो परत करून दाखवायचा. कूलरच्या दुकानात मामाकडे मी दोन उन्हाळे काढलेत. पाणी कुठून गळतं ते बघायची एकच युक्ती. खाली वर्तमानपत्र पसरायचं आणि आधी कुठलं पान भिजतं ते बघायचं. मी तीन शनिवार मशीनभोवती पेपर पसरून बसलो. मागचे दोन्ही पाइप हाताने चाचपले, कोरडे. सांडपाण्याची नळी घट्ट. आमचं धुणं भरलं, धुतलं, पिळलं, पान सुकं. बातम्या वाचून संपल्या. तिसऱ्या शनिवारी रबर उपसला आणि तुम्हाला सांगितला तो ऐवज निघाला.

मग साबणाचा ड्रॉवर ओढून काढला. आम्ही पातळ साबण वापरतो, कारण दारावरच स्टिकर आहे: ह्या मशीनला कमी फेसाचाच साबण घाला. पण ड्रॉवरच्या मागच्या खोबणीत पांढऱ्या पावडरीचे दगड झाले होते. मी एक खरवडून पाण्यात टाकला. बोटाने ढवळला. वाटीभर फेस, त्याच स्टीलच्या वाटीत.

"ही पावडर आपली नाही," सुलभा म्हणाली.

मशीनच्या वर एक कपाट आहे. ते श्रीरंगरावांचं, आम्ही कधी उघडलं नव्हतं. त्या दिवशी उघडलं. पावडरीचं मोठं पिंप, त्यात कप. त्याच्या शेजारी तांब्याचा छोटा गडू, आत सुकलेली तुळशीची पानं. आणि गडूच्या मागे बाटली. लेबल मराठीत. मी झाकण उघडून वास घेतला आणि खोकत मागे सरकलो.

"काय आहे?" सुलभा.

"गोमूत्र."

सुलभाने ओढणी पुन्हा नाकाला लावली. मग पिंपाला चिकटवलेल्या चिठ्ठीकडे तिने बोट केलं. वहिनींचं अक्षर, वळणदार. शनि. ५.३० नंतर, रिकामं, गरम, दोन कप. मग आपले.

म्हणजे असं. आम्ही गाडी काढली की वहिनी खाली येणार. आमचे कपडे निघून गेलेल्या मशीनमध्ये बाटलीतलं गडूत घेऊन तुळशीच्या पानाने शिंपडणार, दोन कप फेसाळ पावडर घालणार आणि रिकामं मशीन गरम पाण्यावर तासभर फिरवणार. आत साबण खायला एक रुमालसुद्धा नाही. मग फेस ड्रॉवरमधून, मागच्या फटीतून, जिथून वाट मिळेल तिथून बाहेर. मशीन आम्हाला धुऊन काढताना गळत होतं.

मी ती काळी जेली हाताने काढली होती. तेव्हा मला ओकारी आली नव्हती. आता आली. बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं, आरशात बघितलं, आणि आरशातल्या माणसाच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू यायला लागलं. सुलभा दारात उभी होती. ती हे हसू वीस वर्षं ओळखते.

"नाही," ती म्हणाली.

"मी काही बोललो का?"

"तुमचं थोबाड बोलून राहिलं. वर जा, सरळ सांगा त्यांना, आम्हाला कळलं म्हणून."

"ते म्हणतील, कोण म्हणतं? आम्ही नाहीच लावत. चिठ्ठी फाडतील. मग?"

"मग खोडी काढणार का? पोरीला शब्द दिलाय. कोलंबस विसरले?"

मी विसरलो नव्हतो. म्हणून पहिल्यांदाच असं केलं, की खोडी काढायच्या आधी परवानगी मागितली. प्रणिता पलंगावर व्हायोला, म्हणजे थोडं मोठं व्हायोलिन, घेऊन बसली होती. मी तिला सगळं सांगितलं. केस, पावडर, चिठ्ठी. बाटलीचं सांगायचं नव्हतं, पण तिने विचारलं, "पण रिकामं का धुतात?" मग तेही सांगितलं.

ती व्हायोलाच्या तारा बोटाने चाचपत राहिली.

"सो आपले कपडे काढल्यावर. प्रत्येक वेळी."

"हो."

"माझा ऑर्केस्ट्राचा ब्लाउज पण?"

मी मान डोलावली.

"तुझा प्लॅन काय आहे, बाबा?"

सांगितला. ती म्हणाली, "दॅट्स नॉट अ प्रँक. दॅट्स अ टेस्ट." आणि करंगळी पुढे केली.

आमच्या घरी पांढरे कपडे खूप. वंदनेला पांढरंच घालतो, म्हणून सुलभा इंडियन स्टोअरमधून नीळ आणून ठेवते. पातळवाली नाही, जुनी पावडरवाली, चिमटीने घालायची. पुढच्या शनिवारी आमचं धुणं चार वाजून पस्तीस मिनिटांनी संपलं. श्रीरंगराव खाली आले, वाकले, चष्मा वर केला, फरशी बघितली. कोरडी. सही.

"थँक्यू हं, श्रीरंगराव," मी म्हटलं. "अजून पाच मिनिटं बघा ना. डिलेड असलं तर?"

ते खरंच पाच मिनिटं थांबले. पुण्याचा माणूस, नियम म्हणजे नियम. मग म्हणाले, "ठीक आहे सध्या तरी," आणि वर गेले.

मशीन सुरू झालं की आधी तळातलं पाणी बाहेर फेकतं, हे मी पेपर वाचता वाचता बघितलं होतं. म्हणून नीळ नुसती ओतून उपयोग नव्हता. जुन्या मोज्याच्या तुकड्यात चार चमचे नीळ बांधली, सैलशी पुरचुंडी केली आणि त्या रबराच्या घडीत सारली. तिथे वहिनी कधी हात घालणार नाहीत ह्याची मला खात्री होती. त्यांचा स्वतःचा उंदीर तिथे दोन वर्षं झोपला होता.

साडेपाचला आम्ही निघालो. मी मुद्दाम दोनदा हॉर्न वाजवला.

बुद्धभूषणकडे वंदना झाली. भात वाढून घेतला आणि माझा फोन वाजला. साडेसहा. मी स्पीकर लावला नाही, पण गरजही नव्हती.

"राजाराम! काय केलंय तुम्ही? सगळीकडे निळं! जिन्याचं कार्पेट निळं!"

'राव' गेले होते.

"गळलं का?" मी अगदी काळजीने विचारलं. "पण तुम्ही तर सही केली ना, कोरडी म्हणून?"

"ताबडतोब या!"

पंधरा मिनिटांत पोचलो. तुम्हाला सांगतो, मी पन्नासएक खोड्या काढल्या असतील, पण असलं दृश्य नाही. मशीनच्या ड्रॉवरमधून निळा फेस बाहेर येत होता, संथपणे, फुर्र फुर्र आवाज करत. लाटांनी फरशी ओलांडून जिन्याच्या पहिल्या पायरीवर चढला होता. मधोमध वहिनी, साडी पोटरीपर्यंत उचललेली, पावलं गडद निळी. श्रीरंगराव गुडघ्यांवर, कोपरापर्यंत निळे, टॉवेल पिळत होते. फेसाच्या वर तुळशीचं एक पान तरंगत होतं. आणि ह्या सगळ्यावर तो वास, गरम पाण्यात उकळलेला.

मला हसायचं होतं. तयारी होती माझी. पण तो वास नाकात गेला, आणि प्रणिता माझ्या शेजारी तिच्या पांढऱ्या ड्रेसमध्ये उभी होती, आणि हसू आलंच नाही.

"ही नीळ तुमची!" श्रीरंगराव ओरडले. "मुद्दाम घातली तुम्ही!"

"नीळ आमचीच," मी म्हटलं. "पांढऱ्या कपड्यांची. मशीनमध्ये ठेवली होती. पण नीळ स्वतः बटण दाबत नाही, श्रीरंगराव. मशीन कोणी लावलं?"

मशीनने एक ढेकर दिला.

"आमचं चार पस्तीसला संपलं. तुमची सही आहे. हे कोणाचं धुणं?" मी खाली वाकून काचेतून बघितलं. "आत काहीच दिसत नाही. नुसता फेस."

श्रीरंगराव बायकोकडे बघू लागले. मला तेव्हा कळलं की त्यांना सगळं माहीत होतं, फक्त फेस कशाने येतो ते माहीत नव्हतं. मॅनेजर माणूस. स्टिकर कोण वाचतो.

"वहिनी, रिकामं लावलं होतं का?" सुलभाने विचारलं. इतकी वर्षं गिळणारी बाई. आवाज साधा होता, मीठ आहे का विचारल्यासारखा.

"स्वच्छतेसाठी," वहिनी म्हणाल्या. "आमच्या पूजेचे कपडे असतात नंतर. कोणाचंही काहीही धुतलं की एकदा..."

"कोणाचंही?" प्रणिता म्हणाली. "तुमचे धुतल्यावर पण करता, काकू?"

ती 'काकू' म्हणाली, तशीच जशी ह्या घरात आल्यापासून म्हणते. वहिनींनी साडी आणखी वर उचलली, खरं तर फेस तिथपर्यंत येत नव्हता.

"वुई आर नॉट डर्टी," प्रणिता म्हणाली. "मशीनमध्ये तुमचे केस होते. बाबांनी हाताने काढले."

मी खिशातून पेपर टॉवेल काढला. आठवडाभर झिपच्या पिशवीत जपून ठेवला होता, ह्याच क्षणासाठी, टाळ्या घ्यायच्या म्हणून. उलगडला. तांबडा उंदीर, गुलाबी भात, नख. श्रीरंगरावांनी बघितलं आणि तोंडावर निळा हात दाबला. मग हात निळा आहे हे लक्षात आलं. पण तोवर उशीर झाला होता.

त्या गोंधळात कोणाला सुचलंच नव्हतं, मी पुढे होऊन मशीन बंद केलं.

"हे बघा," श्रीरंगराव हळू आवाजात म्हणाले. मिशी निळी झाली होती. "झालं ते झालं. बाहेर कुठे बोलू नका. मराठी मंडळात वगैरे. तुम्ही राहा. मार्चचं मी बोललोच नव्हतो असं समजा. हवं तितकं राहा."

माझा जीव भांड्यात पडला. लंच टेबल वाचलं. मी हो म्हणायला तोंड उघडलं, तर प्रणिताने माझी बाही ओढली.

"हवं तितकं नको, बाबा. मला इथे राहायचं नाही."

"अगं पण शाळा..."

"जूनपर्यंत. स्कूल संपलं की आपण जाऊ, ह्याच डिस्ट्रिक्टमध्ये शोधू, चार महिने आहेत. मी पण शोधते." मग ती श्रीरंगरावांकडे वळली. "आणि जूनपर्यंत आम्ही कधीही कपडे लावणार, काका. एनी डे. आणि आमच्यानंतर कोणी रिकामं लावायचं नाही. लावलं तर लिहायचं."

मी सुलभाकडे बघितलं. ती पोरीकडे बघत होती, जसं तिने माझ्याकडे कधी बघितलं नाही.

प्रणिताने चपला काढल्या, ड्रेस एका हाताने सावरला आणि फेसातून चालत मशीनपर्यंत गेली. वॉशर लॉग भिंतीवर लटकत होता, पेन दोरीने बांधलेलं. तिने पुढची ओळ भरली. लिहिताना मोठ्याने वाचत होती, कारण मराठी लिहायला तिला वेळ लागतो.

"तारीख, आजची. वेळ, पाच चाळीस?"

वहिनींनी मान हलवली. नकळत.

"पाच चाळीस. कोणी लावलं, काकूंनी. लोड." ती जरा थांबली. "रिकामं. 'क'ला काना की मात्रा, आई?"

"काना," सुलभा म्हणाली.

"फ्लोअर, निळी." आणि पेन मागे न बघता श्रीरंगरावांसमोर धरलं. "सही, काका."

श्रीरंगराव पेनकडे बघत राहिले. दोरी छोटी होती, त्यामुळे त्यांना गुडघ्यांवरून उठून फेसातून दोन पावलं यावं लागलं. आले. चष्मा वर केला, ओळ वाचली, दोनदा वाचली. कागद त्यांनीच केला होता, रकानेही त्यांचेच. सही केली. सहीच्या बाजूला त्यांच्या अंगठ्याचा निळा ठसा उमटला, अगदी स्वच्छ, रेघ न् रेघ दिसेल असा.

"मॉप द्या इकडे," सुलभा त्यांना म्हणाली. मग विचार बदलून तिने हात मागे घेतला. "नको. तुम्हीच पुसा."